पारूबाईंनी घडवलेलं डोकं

मी रोपं विकतो, आणि मला लोकांच्या बागा बघवत नाहीत. परळीहून सिरसाळ्याकडे जाताना डाव्या हाताला ‘हरिओम नर्सरी’ अशी पाटी दिसते, ती माझी. हरिओम मीच. बावीस वर्षांत ‘पानं गळणार नाहीत असं झाड द्या’, ‘पाणी घालावं लागणार नाही असं द्या’ म्हणणारी इतकी माणसं भेटली की आता मी त्यांना सरळ प्लॅस्टिकच्या फुलांच्या दुकानाचा पत्ता देतो. पण आजचा राग झाडांवरून नाही. पारूबाईंबद्दल जे बोललं जातंय त्याचा आहे. ‘त्या बाईनं मेलेल्या माणसाची विटंबना केली, तिचं डोकं फिरलंय’ असं टपरीवर बसून सांगणाऱ्यांतला एकही जण त्या दिवशी तिथं नव्हता. मी होतो. त्यात माझीही चूक होती, ती आधीच कबूल करतो, म्हणजे नंतर कुणी उकरून काढायला नको.

पारूबाई माझ्या नर्सरीसमोर, रस्त्याच्या पलीकडे काम करायच्या. साठी ओलांडलेली, काटक, कुणाला मावशी म्हणू दिलं तर दिलं नाहीतर नाही अशी बाई. बंगल्यांच्या अंगणात आणि फार्महाऊसवर दिसतात ते सिमेंटचे बगळे, कासवं, मोर, कमळाच्या कुंड्या, झाडाच्या खोडासारखे दिवे, सगळं हातानं घडवायच्या. साचा नाही. सळई वाकवून सांगाडा, त्यावर कोंबडीच्या खुराड्याची जाळी, त्यावर राख कालवलेलं सिमेंट. परळीत औष्णिक वीजकेंद्रामुळे राखेला तोटा नाही. ती राख पारूबाई जुन्या लुगड्यातून तीन वेळा गाळायच्या. पिसं काढायला लिंबाची काडी, गुळगुळीत करायला झिजून चपटा झालेला चमचा. मग ओल्या गोणपाटाखाली एकवीस दिवस. कुणी घाई केली की म्हणायच्या, “पोटातलं पोर सातव्या म्हैन्यात मागताल का?”

हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही. तरुणपणी त्या गवंड्याच्या हाताखाली बिगारी होत्या. पंधरा वर्षं डोक्यावर घमेलं. बाईच्या हातात थापी द्यायची नाही असा गवंड्यांचा कायदाच होता, कुणी केला देव जाणे. धोंडीराम आबांच्या वाड्याशेजारी नवं घर बांधायचं काम चालू असताना गवंडी जेवायला गेला, आणि पारूबाईंनी उरलेल्या मालाची एक चिमणी करून खिडकीच्या वर बसवली. गवंडी परत येऊन ती खरवडायला निघाला. आबांनी त्याला थांबवलं. पुढं त्याच आबांनी रस्त्याकडेची आपली पट्टी त्यांना वापरायला दिली. “हितं कर तुजं काम. कोन उठवतंय बगू,” म्हणाले. कागद नाही, काही नाही, नुसता शब्द. आबा गावातले मोठे शेतकरी, त्यांच्या शब्दाला वजन होतं.

त्याच आबांच्या घरी पारूबाईंची कपबशी वेगळी ठेवलेली असायची. ओसरीच्या कोपऱ्यात, दांडी तुटलेली. हेही सांगितलं पाहिजे. पारूबाई सांगायच्या, “मानूस अर्धा बरा व्हता.” तेवढंच म्हणायच्या.

त्यांची तुळशीवृंदावनं घेऊन जाणारे लोक ती अंगणात बसवण्याआधी त्यांच्यावर गोमूत्र शिंपडायचे. काही जण तर त्यांच्यासमोरच, टेम्पोतच. ते बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. पारूबाई शांतपणे म्हणायच्या, “शिंपडा, शिंपडा. अजून आठ दिस शिंपडा. सिमिटाला वल लागतीच.” लोक हसायचे. आपल्याला काय बोललं गेलंय ते त्यांना कळायचंही नाही.

त्यांच्या वडिलांनी छप्पन्न साली घरातले देव टोपलीत भरून नदीत सोडले होते. तेव्हापासून त्या घरात एकच तसबीर, भगवान बुद्धांची. मी एकदा विचारलं होतं, एवढं सगळं करता, मग बुद्धाची मूर्ती का नाही करत? वस्तीतल्या विहारासाठी लोक किती वर्षं मागे लागलेत. तेव्हा त्या स्वतःच्या हातांकडे बघत राहिल्या. “अजून हात तेवढा झाला न्हाई, भाऊ. झाला की करीन.” मोरांवर आणि बगळ्यांवर हात तयार करत होत्या, असं मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. कळलं, आणि मी विसरलो. माझी चूक ती हीच.

आबा जाऊन दहा वर्षं झाली. मुलगा अर्जुनराव आता पुढारी आहेत, आणि नातू अंगद पुण्याला शिकून आला, ठेकेदारी करतो. त्यानं सिरसाळा रस्त्याला फार्महाऊस काढलं. एके दिवशी नर्सरीत आला, मोबाइलमध्ये बागांचे फोटो दाखवत बसला. सहा बगळे, दोन कासवं, कमळाच्या दहा कुंड्या, चार दिवे. आणि शेवटी हे, म्हणून त्यानं एक फोटो मोठा केला. बुद्धाचं नुसतं डोकं. मानेपासून तोडलेलं, डोळे मिटलेले, वरून टाळू कापून आत पोकळ केलेलं आणि त्या पोकळीत झाड लावलेलं. “चार फुटी पाहिजे. पोहण्याच्या टाकीजवळ ठेवायचंय, बार काउंटरच्या बाजूला. लई भारी दिसतं.”

मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, “अरे वा! त्यांच्याच देवाचं काम, पारूबाई तर खूश होतील.” एवढ्यावर थांबलो नाही. परळीतून पावशेर पेढे घेतले आणि रस्ता ओलांडून त्यांच्याकडे गेलो. पेढ्यांचा पुडा पुढं केला आणि हसत हसत म्हणालो, “तोंड गोड करा. तुमच्या भगवंताची ऑर्डर आणली.”

पारूबाईंचा चेहरा उजळला. तो चेहरा आठवला की मला आजही स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते. ओले हात लुगड्याला पुसून त्यांनी फोटो बघितला. बराच वेळ बघितला.

“खालचा देह कुठं हाय?”

“डोकंच पाहिजे म्हणतो.”

“आन डोस्क्याला भोक कावून?”

“त्यात झाड लावायचंय.”

“ठिवनार कुठं?”

मी सांगितलं. काउंटर कसला, तेही त्यांनी विचारलं, आणि तेही मला सांगावं लागलं. त्यांनी मोबाइल माझ्या हातात परत दिला. आवाज जराही चढवला नाही.

“भाऊ, तुमच्या देव्हाऱ्यातल्या विठोबाचं मुंडकं कापून त्यात कोथिंबीर लावताल का?”

पेढ्यांचा पुडा तसाच वाळूच्या ढिगावर पडून राहिला, त्याला मुंग्या लागल्या.

दुसऱ्या दिवशी अंगद स्वतः आला. गाडीतून उतरलासुद्धा नाही, काच खाली केली. पारूबाईंनी सांगितलं, बाकी सगळं करीन, डोकं करणार नाही.

“अहो मावशी, उलट तुम्हाला अभिमान वाटायला पाहिजे,” अंगद म्हणाला. “मोठमोठ्या हॉटेलात असतं. शोपीस आहे. बघणाऱ्याला शांत वाटतं.”

“मान तुटलेला मानूस बगून शांत वाटतं?”

“आता तुम्ही वाद नका घालू. तुमचाच देव आहे, आणि तुम्हीच नाही म्हणता?”

“आमचा हाय म्हनून तर न्हाई म्हनते.”

अंगदचा पुण्याचा मुलामा तिथं उडाला. “हे बगा, ही जागा कुनाची हाय ते इसरू नका. पुढच्या म्हैन्यात वास्तुशांत हाय. तवर सगळं पायजे, डोक्यासकट. न्हाईतर हितला पसारा उचलायचा.”

पारूबाईंनी आपल्या जागेवरून नजर फिरवली. वीस वर्षांची जागा. वाळूचा ढीग, राखेची पोती, पाण्याचा हौद, गोणपाटाखाली निजलेली कासवं. वस्तीतलं त्यांचं घर दहा बाय बाराचं. तिथं चार फुटी बगळा उभा करायला गेलं तर माणसांनी बाहेर झोपावं लागलं असतं. ही पट्टी गेली म्हणजे काम गेलं, इतकं सरळ होतं ते.

“डोकंच पायजे ना?” त्या म्हणाल्या. “डोळे मिटलेलं, मान हितून तुटलेली, वरून उघडं, त्यात झाड. असंच ना?”

“असंच.”

“देते.”

गाडी गेली. मला काय वाटलं ते लपवत नाही: मला हायसं वाटलं. माझ्या नर्सरीचं पाणी अर्जुनरावांच्या विहिरीवरून येतं. भांडण मिटलं, आपली कातडी वाचली, एवढंच माझ्या मनात आलं. वर पारूबाईंवरच मनातून चिडलो, की शेवटी वाकल्याच ना. माणूस किती खालच्या पायरीला उतरतो बघा. स्वतः भ्यायचं आणि दुसऱ्यानं माझ्याऐवजी ताठ राहावं अशी अपेक्षा करायची.

महिनाभर त्यांनी काम केलं. डोकं हौदाच्या मागं घडत होतं, भोवती गोणपाटाचा आडोसा. मला तिकडं फिरकू दिलं नाही. एकदाच काही मागितलं माझ्याकडे: मूठभर धने. मी दिले, आणि कशाला हे विचारलं नाही.

वास्तुशांतीच्या दिवशी सकाळी त्यांचा मुलगा विलास टेम्पो घेऊन आला. रोपं लावायची म्हणून मीही सोबत गेलो. फार्महाऊसवर पाहुण्यांची गर्दी, मांडव, फेटे. बगळे हिरवळीवर उभे राहिले, कासवं टाकीच्या काठाला बसली. बायका कासवांच्या पाठीवरून हात फिरवत होत्या, कुणी बगळ्याजवळ उभं राहून फोटो काढत होतं. अंगदची छाती फुगली होती. शेवटी गोणपाटात गुंडाळलेलं ते डोकं चौघांनी मिळून उतरवलं आणि काउंटरशेजारच्या बुटक्या चौथऱ्यावर ठेवलं. पाहुणे जमले. अंगदनं मोबाइल वर धरला. पारूबाईंनी सुतळी सोडली.

ते धोंडीराम आबा होते.

जाड मिशी, उजव्या डोळ्याखालचा चामखीळ, बैलानं शिंग मारून फाडलेली डाव्या कानाची पाळी, सगळं जिथल्या तिथं. इतकं हुबेहूब की मी दोन पावलं मागं सरलो. डोळे मिटलेले. मान गळ्याच्या घाटीखाली तोडलेली. टाळू कापून आत माती भरलेली, आणि तिच्यात चार बोटं वाढलेली हिरवीगार कोथिंबीर.

वाजंत्री थांबली. अर्जुनराव गर्दीतून पुढं आले आणि त्यांच्या तोंडून नुसतं “आबा” एवढंच निघालं. अंगदला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा तो पारूबाईंच्या अंगावर धावला. विलास मधे उभा राहिला.

“आमच्या आजोबाचं मुंडकं? लाज न्हाई वाटली?”

“कावून?” पारूबाई म्हणाल्या. “शोपीस हाय. बगनाऱ्याला शांत वाटतं. उलट तुमाला अभिमान वाटाया पायजे.”

“थोबाड बंद कर!”

“करते. एवढं ऐकून घे. तुजा आजा जाऊन दहा वर्षं झाली, त्याचं मुंडकं तुला बगवंना. माजा बाप जाऊन अडीच हजार वर्षं झाली, तरी रोज सकाळी मी त्याच्यापुढं हात जोडते. त्याची मान मी माज्या हातानं तोडू? ह्या दारूच्या बाटल्यांपाशी मांडू? तुजा आजा मला कदी वावगं बोलला न्हाई, पर शिवला बी न्हाई कदी. तरी त्याचं डोस्कं करताना माजा हात धा डाव थांबला. तुला एक फोटू दाखवताना कायबी वाटलं न्हाई.”

पाठीमागून आबांची बायको, छबुबाई, दोन बायकांचा हात धरून आल्या. ऐंशीच्या पुढं वय. नवऱ्याच्या चेहऱ्यासमोर उभ्या राहिल्या, हात लावून बघितला, मग ती कोथिंबीर मुठीनं उपटून काढली आणि स्वतःचा पदर ओढून त्या उघड्या डोक्यावर टाकला.

“झाका रे,” त्या म्हणाल्या. “उघड्या डोस्क्यानं कदी भाईर पडले न्हाईत ते.”

अर्जुनरावांनी आईला बाजूला घेतलं. पारूबाईंकडे न बघता म्हणाले, “हे घेऊन जा. आन उद्यापास्नं ती जागा मोकळी पायजे.”

उद्यापासून म्हणाले, पण ट्रॅक्टर त्याच दिवशी दुपारी आला. माणसांना दम नव्हता. विलासनं जेवढं टेम्पोत बसलं तेवढं नेलं. ओली कासवं उचलता येत नव्हती. ती चाकाखाली गेली. हौद फुटला, पाणी रस्त्यापर्यंत वाहत आलं. हे सगळं मी माझ्या फाटकात उभं राहून बघितलं. माझ्या नर्सरीच्या मागं वीस गुंठे मोकळं रान आहे. ‘इकडं या’ एवढे दोन शब्द तोंडातून निघाले नाहीत, कारण विहीर.

मग पंधरा दिवसांनी अंगदचा फोन आला. त्यानं पुण्याहून फायबरचं डोकं मागवलं होतं. फोटोतल्यासारखंच, हुबेहूब, टाळू उघडी. “काका, आता वर लावायला एखादं मस्त झाड पाठवा.”

इतक्या दिवसांचं तुंबलेलं सगळं त्या फोनवर बाहेर पडलं. काय काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. शेवटी म्हणालो, तुझ्या आजीनं उपटलेली कोथिंबीर पडली असेल तिथंच कुठंतरी, तीच लाव. संध्याकाळच्या आत माझ्या नर्सरीचं पाणी तोडलं. आता टँकर घेतो आणि रोज शिव्या देतो, आणि खरं सांगायचं तर बावीस वर्षांत पहिल्यांदा जेवण गोड लागतंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वस्तीत गेलो. आपण मोठं काहीतरी केलं या तोऱ्यात गेलो, हेही कबूल करतो. पारूबाई घरासमोरच्या बोळात बसून काम करत होत्या. येणाऱ्याजाणाऱ्याला अंग चोरून जावं लागत होतं. त्यांच्यापुढं, जमिनीवर नाही, एका पाटावर, आबांचं डोकं होतं.

टाळूचं भोक बुजवलेलं होतं. वर सिमेंटचाच फेटा बांधला होता, आणि त्या चपट्या चमच्यानं त्या त्याच्या घड्या नीट करत होत्या. मिटलेले डोळे आता उघडे होते.

“हे कशाला?” मी विचारलं. “त्यांनी तुमचं सगळं उठवलं, आणि तुम्ही त्यांनाच फेटा बांधता?”

“त्या म्हातारीनं पदर टाकला ते डोळ्यापुढून जाईना. खांदे बी करनार हाय खाली, मान तुटकी न्हाई ठिवनार. वाळलं की विलास तिच्या दारात निऊन ठिवील.” चमचा थांबला नाही. “मानूस अर्धा बरा व्हता. मी तर त्याच्यावानी अर्धी न्हाई.”

मी अंगदच्या फोनचं सांगितलं. पाणी तोडल्याचं सांगितलं. नर्सरीमागचं रान तुमचंच समजा, आजच या, असंही म्हणालो. त्या ऐकत होत्या. भिंतीला सळईचा एक नवा सांगाडा टेकून ठेवला होता. दुमडलेले पाय, मांडी, मांडीवर ठेवलेले हात. वर अजून काही नव्हतं.

“विहाराचं?”

“हां. पायापास्नं सुरू केलंय. हितं बोळात उभं ऱ्हानार न्हाई, म्हनून येते तुमच्या रानात. भाडं देईन, फुकट नगं.” मग पहिल्यांदा त्यांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं. “पर भाऊ, एक सांगा. त्या दिशी तुमी फोटू बगितला व्हता. मुंडकं तुटलेलं बगितलं व्हतं. तरी पेढे कशाचे आनलते?”

मी बोळातच खाली बसलो. त्यांनी पुन्हा फेट्याची घडी नीट करायला घेतली.